वाटेतली तार

चाचा फोन कानाला लावायचे नाहीत, डोक्यावर ठेवायचे. टोपीवर मोबाइल, त्यावर एक हात, आणि माणूस गुडघाभर पाण्यात उभा. तुम्ही काठावरून पाहिलं असतं तर म्हाताऱ्याला ऊन लागतंय असं वाटलं असतं. लागत नव्हती ती रेंज. हात वर धरून दुखायचा, म्हणून ही युक्ती. "चाचा, आलं का नेट?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "येतंय. वाटेत हाय."

मला त्या उत्तराचा राग यायचा. मी पत्रकं काढणारी मुलगी. तुमच्यासारखे लोक 'वाटेत हाय' म्हणतात म्हणूनच सगळं वाटेत राहतं, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

"तुझं नवं पत्रक आलं का छापून?" त्यांनी विचारलं.

"अंबाजोगाईहून यायचंय."

"मंग? ते बी वाटेतच हाय की."

आमच्याकडे समुद्र नाही, तरी बेट आहे. धारूरच्या डोंगराखाली धरण झालं, पाणी पसरलं आणि टेकाडावरची वस्ती चारी बाजूंनी पाण्यात राहिली. जमिनी बुडाल्या, घरं बुडाली नाहीत, म्हणून पुनर्वसनही नाही. इकडच्या काठावर यायला थर्माकोलचे ठोकळे जाळ्यात आवळून केलेला चाचांचा तराफा, तो ते दोर ओढून न्यायचे. रेशनला अंगठा लावायचा तर तराफा, दाखला काढायचा तर तराफा, पोराचा निकाल बघायचा तरी तराफाच. डिजिटल हा शब्द भाषणात वापरणाऱ्या प्रत्येक साहेबाला मला एकदा त्या थर्माकोलवर बसवायचंय, शेजारी दिवस भरलेली बाई घेऊन.

चाचांना नेट हवं होतं ते लेकीसाठी. त्यांची रुबीना अंबाजोगाईला कॉम्प्युटर शिकली आणि पुण्यात कुणाच्या तरी दुकानात टायपिंग करत बसली. "नेट आलं तर गावातच सेवा केंद्र टाकते, अब्बा," असं ती एकदा बोलून गेली. म्हणजे अंगठा, दाखले, निकाल, सगळं बेटावरच. चाचांनी तेवढ्या बोलण्यावर घराची पुढची खोली रिकामी केली, तिला चुना मारला आणि कडबा बाहेर ताडपत्रीखाली नेला. पोरगी घरी येणार की नाही, हे आता नेटच्या एका तारेवर होतं.

तार आली, पोटात काचेचे धागे असलेली. पावसाळा नुकताच संपलेला, धरण काठोकाठ. ठेकेदाराच्या माणसांनी तारेचं रीळ चाचांच्याच तराफ्यावरून ओढून नेलं. तळाला चर खणून, नळीत घालून ती तार पुरायची असं कामात ठरलेलं होतं. यांनी तिला वाळूच्या पिशव्या बांधल्या आणि दिली पाण्यात सोडून. वर पाणी आहे, खाली कोण बघतो. शाळेच्या खोलीत पेटी बसली, हिरवा दिवा लागला, साहेबांचे फोटो निघाले.

त्या दिवशी चाचांनी फोन पहिल्यांदा डोक्यावरून खाली घेतला. रुबीनाला व्हिडिओ लावून चुना मारलेली खोली दाखवली, मग शेळी, मग परत खोली.

"खोली बघितली, अब्बा. शेळी पण बघितली. तुमी दिसा की जरा."

उन्हाळ्यात येते म्हणाली. चाचा आठवडाभर तराफ्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते. उतरणाऱ्यालाही परत सांगत होते.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. थंडी सरली की धरणाचं पाणी मागे हटतं. मधली नदी तेवढी राहते, बाकी तळ उघडा पडतो. काळाभोर गाळ. बुडालेली आपलीच जमीन थोडे दिवस परत मिळते, आणि लोक तिच्यात टरबूज, काकडी लावतात. नांगरताना मासेमारांची जुनी जाळी, दोऱ्या फाळात अडकणारच. कुणी वाकून बघत नाही. विळा काढायचा, दोरी छाटायची, बैल पुढे हाकायचे.

चाचांनी तेच केलं. गाळाने माखलेली दोरी फाळाला गुंडाळली होती. विळ्याने छाटली, बाजूला फेकली, पट्टी नांगरून पुरी केली. मग हातपाय धुऊन शाळेच्या खोलीपाशी आले आणि रुबीनाला फोन लावला. लागेना. मी तिथंच होते.

"येतंय," ते म्हणाले. "वाटेत..."

आणि थांबले. पेटीवरचा दिवा लाल झाला होता.

"दोरीत काचंवानी कायतरी चमकलं हुतं, पोरी," ते हळूच म्हणाले. "कावून चमकलं असंल?"



साहेब आले ते अलीकडच्या काठापर्यंतच. सरकारी मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून चाचांना चौकीत बोलावलं. तराफ्यावर मी त्यांना समजावत होते, कुणी पाहिलं नाही, जनावराच्या पायाने तुटली म्हणा, मी पत्रकातही तसंच छापते. ते दोर ओढत राहिले.

"कुणी तोडली बे तार?" जमादाराने विचारलं. बापाच्या वयाच्या माणसाला, बे.

"मी. विळा बी माझाच हाय." मग म्हणाले, "पर साहेब, तार माज्या नांगराला कावून घावली, ते बी लिवा. ती जमिनीच्या पोटात पाहिजे हुती."

जमादाराने पहिलं लिहून घेतलं. दुसरं ऐकताना त्याने पेनाला टोपण लावलं.

ते दुसरं वाक्य मी पत्रकाच्या मथळ्याला घातलं. धारूरच्या बाजारात वाटलं, नेकनूरच्या एसटी थांब्यावर चिकटवलं. बीडच्या कार्यालयात नेलं तेव्हा तिथल्या साहेबाने कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. आमच्या वस्तीच्या नावापुढे हिरवी खूण.

"तुमचं गाव जोडलेलं आहे, ताई. जोडलेल्या गावाला परत तार कशी देणार?"

"चला, तराफ्यावर बसा. दाखवते."

"मला पोहता येत नाही हो," तो म्हणाला. या सगळ्या प्रकरणात एका अधिकाऱ्याच्या तोंडून मी ऐकलेलं हे एवढंच खरं.

ठेकेदाराला पुढं दुसऱ्या तालुक्याचं काम मिळालं. चाचांवरचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.

रुबीना बोलल्याप्रमाणे उन्हाळ्यात आली, पण राहायला नाही, अब्बांना न्यायला. त्या खोलीत ती एक रात्र झोपली. जायच्या सकाळी चाचा गाळात उतरले, कापलेली दोन्ही टोकं हुडकून काढली, त्यांना प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि तिथं एक उंच बांबू रोवला. बांबूच्या शेंड्याला आपला लाल पंचा.

"जोडणारा आला तर त्याला सापडाय पाहिजे," ते मला म्हणाले. मी म्हणणार होते की कुणी येणार नाही. त्याऐवजी त्यांच्या चिखलाने भरलेल्या हातांवर पाणी ओतलं.

आता पाणी परत चढलंय. बांबू बुडालाय, पंचा तेवढा वर दिसतो.

परवा त्यांचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. मी काठावर होते. तिकडे नेट भरपूर, त्यांच्या दाढीचा केस न् केस दिसत होता.

"पोरी, पंचा हाय का जाग्यावर? दाव बरं."

मी फोन बेटाकडे वळवला. चित्र अडकलं. त्यांचा चेहरा तोंड अर्धवट उघडलेला तसाच थांबला. मी चपला काढल्या, गुडघाभर पाण्यात शिरले आणि फोन डोक्यावर उभा धरला, पंच्याच्या दिशेने. वरून त्यांचा आवाज तुटत तुटत आला.

"दिसंना... पोरी, दिसंना..."

"येतंय, चाचा," मी म्हणाले. पुढचे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.