तीन नंबरचा ठोका

आम्ही अकरा महिने व्हॅनमध्ये राहिलो असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे कुठे फिरायला गेला होतात?" फिरायला नव्हतो गेलो. मीरा रोडला, आमच्याच अर्धवट बिल्डिंगसमोर राहत होतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. लालबागची खोली ठरल्या तारखेला सोडावी लागली, आणि इकडे पूनम सागर वसाहतीच्या पुढे आम्ही जागा घेतली होती त्या बिल्डिंगचं काम तिसऱ्या स्लॅबवर थांबलं. दोन महिने नणंदेकडे काढले. तिची माणसं चांगली, पण सकाळी न्हाणीघरासाठी थांबताना आपण पाहुणे आहोत हे विसरता येत नाही. एका संध्याकाळी हे म्हणाले, "गाडीतच राहूया का? बिल्डिंग होईपर्यंत."

मी लगेच हो म्हटलं. एवढ्या पटकन हो म्हणेन असं यांना वाटलं नव्हतं.

गाडी आमचीच होती. कुठल्याशा संस्थेचं फिरतं वाचनालय होतं ते, जुनं झालं म्हणून काढून टाकलेलं. यांनी ते घेतलं आणि त्यातून वह्या, पुस्तकं, कंपासपेट्या विकायचा धंदा सुरू केला. मीरा रोड आणि भाईंदरला तेव्हा नव्या शाळा निघत होत्या, पण शाळेजवळ दुकानं नव्हती. आम्ही गाडी शाळेबाहेर लावायचो, मागचं दार उघडायचो की झालं दुकान. आत दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, त्यांवर वाचनालयाच्या वेळच्या पट्ट्या तशाच. राहायला आलो तेव्हा 'प्रवासवर्णने' लिहिलेल्या फळीवर मी तांदूळ-डाळी ठेवल्या आणि 'चरित्रे'वर मसाल्याचे डबे. झोपायला मधली जागा. आंघोळ-पाण्याला बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक न्हाणीघर बांधून झालं होतं, ते वॉचमनने वापरू दिलं.

त्या गाडीचं इंजिन पुढे बॉनेटखाली नव्हतं. ड्रायव्हरची सीट आणि बाजूची सीट यांच्या मधोमध, रेक्झिनने मढवलेल्या झाकणाखाली होतं. म्हणजे घरातच. आमच्या घरात स्टोव्ह होता, देव होते आणि इंजिन होतं. थंडीत भाईंदरहून फिरून आलो की त्या उबदार झाकणावर मी दह्याचं विरजण ठेवायचे.

घर चालतं असलं की बिघडतंही. सुरुवातीला गाडी बंद पडली की माझा जीव घाबराघुबरा व्हायचा, रस्त्यात गाडी नाही तर घरच बंद पडलंय असं वाटायचं. मग सवय झाली. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन गचके देऊन थांबतं. तेव्हा एक नट सैल करून, छोटा पंप हाताने दाबत राहायचं. आधी नुसता फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. ते आलं की नट आवळायचा. हे काम मी यांच्याआधी शिकले, कारण माझा हात त्या फटीत जायचा. एकदा काशीमिऱ्याला रेडिएटर गळायला लागला तर 'चरित्रे'वरची हळद काढून दोन मुठी आत टाकली. कुठेतरी ऐकलं होतं. गळती थांबली. दोन दिवस गाडीतून कढीचा वास येत होता, पण घरी पोचलो.

हे सगळं किरकोळ. खरं संकट आलं मे महिन्यात.

जूनमध्ये शाळा उघडतात. आमचा वर्षाचा धंदा त्या तीन आठवड्यांत व्हायचा. माल भरून ठेवला होता, वह्यांचे गठ्ठे इतके की आम्ही त्यांच्यावरच गादी घालून झोपत होतो. आणि एका सकाळी भाईंदर स्टेशनकडून येताना मला एक आवाज ऐकू आला. इंजिनाच्या नेहमीच्या घरघरीत आतून एक ठोका. कोणीतरी बंद दारावर बोटाच्या पेराने वाजवावं तसा.

"अहो, थांबवा."

"काय झालं?"

"काहीतरी वाजतंय. आतून."

यांना काही ऐकू येईना. म्हणाले, "अगं, पान्हा-बिन्हा हलत असेल."

"मी रोज याच्या उशाशी झोपते. हा आवाज नवीन आहे. थांबवा म्हणते ना."

माझा सूर पाहून यांनी गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. हायवेवरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने अर्धं मिनिट चालू करून ऐकलं, मान हलवली. "भाभी, इंजन गया. क्रँक खा गया होगा. भंगार में डाल दो, दूसरा इंजन बिठाओ." दुसरं इंजिन आम्हाला परवडणारं नव्हतं. टेम्पोने ओढून गाडी बिल्डिंगसमोर आणली. हे पायरीवर बसून राहिले. मी स्टोव्ह पेटवून चहा केला, तोही कोणी प्यायला नाही.

आमच्या गाडीच्या सावलीत रोज दुपारी एक मावशी टोपली टेकायची. उत्तनची मासेवाली, सकाळी मासळी विकून परतीच्या वाटेवर पाच मिनिटं बसायची, माझ्याकडून पाणी प्यायची. त्या दिवशी तिने आमची तोंडं बघितली आणि विचारलं. मी सांगितलं.

ती म्हणाली, "मग भंगारात कशाला घालताव? माजा दीर हाय. बोटींची इंजनं करतं तो. आख्खा जलम त्याच्यातच गेला."

"मावशी, बोटीचं इंजिन वेगळं. ही गाडी आहे."

"डिझेलवर चालते ना? मग झाला तर. उद्या लावून देते त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमधून एक म्हातारा उतरला. उन्हात रापलेला, अंगात पांढरी बंडी, खांद्यावर कॅनव्हासची पिशवी. उजव्या हाताचं एक बोट अर्ध्यावर तुटलेलं. त्याने गाडीला बाहेरून फेरी मारली नाही की काही विचारलं नाही. चप्पल बाहेर काढून आत आला. हे माझ्या लक्षात राहिलं. गॅरेजवाला बुटांसकट चढला होता.

"हितं ऱ्हाता तुमी?"

"हो काका. बिल्डिंग होईपर्यंत."

"बेस हाय. आमी पन बोटीत पंदरा-पंदरा दिस ऱ्हातो." मग झाकण उघडून म्हणाला, "चालू कर."

यांनी चालू केलं. म्हाताऱ्याने पिशवीतून लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाशी लावली आणि डोळे मिटले. मग त्याने डिझेलच्या एकेका नळीचा नट पान्ह्याने किंचित सैल करायला सुरुवात केली. पहिली नळी सैल केली तसं इंजिन लंगडलं, ठोका तसाच. आवळली. दुसरी, ठोका तसाच. तिसरी सैल केली आणि ठोका विरला. पुन्हा आवळली, ठोका परत आला.

"तीन नंबर," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून मूठ पुढे केली. "आयक."

मी कान लावला. आजही मला ते नीट सांगता येत नाही. बाहेरून जे नुसतं घरघरणं वाटत होतं ते आत वेगळंच होतं. एक मोठा, भरलेला कारखाना. कुठे टिकटिक, कुठे सुस्कारे, कुठे खोल धडधड, सगळं आपापल्या जागी आणि ठेक्यात. आणि त्या सगळ्याखाली एक थकलेला ठोका. पाच महिने मी त्या झाकणावर विरजण ठेवत होते आणि खाली हे एवढं चालू होतं.

"बंद कर आता," म्हातारा म्हणाला. "खोलाया लागंल."

बिल्डिंगच्या कामाचे सिमेंटचे ठोकळे पडले होते. जॅक लावून गाडी त्यांच्यावर उचलली. म्हातारा गोणपाट पसरून खाली शिरला. इंजिनाच्या बुडाशी तेलाची जी मोठी थाळी असते, ती त्याने काढली. नट-बोल्ट ठेवायला मी माझी कणीक मळायची परात दिली. त्याने ते परातीत गोल रचले, जिथून जो काढला तिथेच तो. म्हणाला, "बोटीत आमी मांडीवर घेतो. लाट आली का एक बोल्ट दर्यात. मग बसा, चार मानसं, देवाचं नाव घेत."

"असं झालंय कधी?"

"झालंय. तीन दिस वाहून गेलो. मग मीच लाकडाचा बोल्ट केला नि आलो." एवढंच. तो पुन्हा गाडीखाली सरकला.

मग त्याने मला खाली बोलावलं. "ये बाय. तुजं घर हाय ना, बग तरी."

मी पदर खोचून गोणपाटावर आडवी झाले. वर बघितलं. काळ्या तेलकट गुहेत एक जाड लोखंडी दांडा आडवा, वळणावळणाचा, आणि त्याला चार हात धरलेले. तिसरा हात त्याने सोडवला होता. दांड्याचा तेवढा भाग त्याने फडक्याने पुसला, आणि तो चांदीसारखा लखलखला. इतक्या घाणीत इतकं स्वच्छ काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

"हात दे." त्याने माझी तर्जनी धरली आणि नख त्या चकचकीत गोलावरून फिरवलं. "नख अडाकतं का?"

"नाही."

"नीट बग. आडवं फिरव. उबं फिरव."

मी फिरवलं. काचेवरून फिरावं तसं. "नाही काका. कुठेच नाही."

त्याने तरीही स्वतःचं नख फिरवलं. मग हसला, पहिल्यांदाच. "क्रँक न्हाय गेला. खालचं मेटल तेवडं गेलं." त्याने दोन पातळ चंद्रकोरी माझ्या तळहातावर ठेवल्या. एकीची कड झिजून तांबं दिसत होतं. "आवाज कोन आयकला पयले?"

"मी."

"आनि गाडी कंदी थांबवली?"

"लगेच. तिथेच."

"अजून घरापावत चालवली असती ना, मंग खरंच भंगार."

तो पुन्हा कामाला लागला. तशी शाबासकी त्याने दिली नाही, पण मला जे वाटायचं ते वाटलं. मी गाडीखालून उठलेच नाही बराच वेळ.

हे ती झिजलेली चंद्रकोर रुमालात बांधून मुंबईला गेले, ऑपेरा हाऊसजवळच्या गल्लीत तशीच शोधायला. म्हातारा थांबला. दुपारी मी बाहेर विटांच्या चुलीवर भात आणि मावशीने दिलेल्या बांगड्यांचं तिखलं केलं. जेवताना त्याने वर्षाला किती वह्या विकता, मुलं कोणत्या रंगाची कव्हरं मागतात, असलं विचारलं. मी विचारलं, "काका, हे शिकलात कुठे?"

"शिकलो न्हाय. बंद पडत गेलं नि मी उगडत गेलो."

हे संध्याकाळी उजेड असतानाच परतले. चार दुकानांत नाही मिळालं, पाचव्यात मिळालं. म्हाताऱ्याने नवी चंद्रकोर बोटाने चाचपली, तेल लावलं, बसवली. आवळताना त्याच्याकडे मोजायचं काही यंत्र नव्हतं. पान्हा हळूहळू ओढायचा, थांबायचा, डोळे मिटून पुन्हा बोटभर ओढायचा. प्रत्येक आवळणीनंतर इंजिनाच्या तोंडाशी असलेलं पट्ट्याचं चाक हाताने फिरवून इंजिन मोकळं फिरतंय का बघायचा. ते अर्धं बोट त्याने पान्ह्याच्या टोकावर टेकवलं होतं, जणू तिथेच त्याला कळत होतं.

नवं तेल भरलं. डिझेल बंद ठेवून त्याने आधी नुसतं सेल्फने फिरवलं, तेल वर चढायला. मग मला म्हणाला, "तू चालू कर."

हे बाजूला झाले. मी सीटवर बसले. माझे हात तेलाने माखलेले होते. किल्ली फिरवली. एकदा खोकलं, धूर सोडला आणि इंजिन लागलं. म्हाताऱ्याने स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी तीन नंबरवर टेकवला, कान लावला. टिकटिक होती, सुस्कारे होते, खोल धडधड होती. ठोका नव्हता. मी यांच्याकडे बघितलं आणि मला रडू फुटलं. हे म्हणाले, "काय गं, अजून वाजतंय का?" मी मानेनेच नाही म्हटलं.

त्या जूनमध्ये आमचा सगळा माल विकला गेला. बिल्डिंगचं काम पुढे दुसऱ्याने हातात घेतलं आणि दिवाळीनंतर आम्हाला जागा मिळाली. गाडी पुढे सहा-सात वर्षं दुकान म्हणून चालली, मग वसईच्या एका भाजीवाल्याला दिली. इंजिन तेच होतं.

पण मला सांगायचं आहे ते आधीचं. त्याच वर्षी नारळी पौर्णिमा झाल्यावर आम्ही गाडी घेऊन उत्तनला गेलो. काही बिघडलं नव्हतं, सहज. म्हातारा किनाऱ्यावर होता, बोटी पुन्हा पाण्यात जायच्या तयारीत. मला म्हणाला, "ये, दाखवतो." फळीवरून धरून त्याने मला बोटीवर घेतलं, मधल्या फळ्या उचलल्या. खाली इंजिन होतं, आमच्यापेक्षा कितीतरी मोठं, हिरव्या रंगाचं, पितळेच्या नळ्या पुसून ठेवलेल्या. त्याने ते चालू केलं. आधी माझे तळपाय थरथरले, मग गुडघे, मग दात. सगळी बोट, दोरखंड, टांगलेली जाळी, सगळं एकाच ठेक्यात हलत होतं. किनाऱ्यावर हे काहीतरी ओरडून सांगत होते, ऐकू येत नव्हतं. म्हाताऱ्याने फळ्यांच्या कडेला हात टेकला होता आणि समोर समुद्राकडे बघत होता. मीही बघितलं. नजर पोचेल तिथवर पाणी होतं, आणि त्या तीन दिवसांत हा माणूस असलं लोखंड उघडून, बोल्ट मांडीवर घेऊन, या पाण्यावर बसला होता.

त्याने इंजिन बंद केलं. मी फळीला धरूनच वाकले आणि त्या गरम लोखंडाला हात लावून बघितला.