घरापासून मैदान किती दूर

माझी धाकटी बहीण हॉकी कशी खेळायची हे माझ्याइतकं जवळून चंद्रपुरात कुणीच पाहिलेलं नाही, कारण तिचे फटके मी अंगावर घेतले. मी गोलकीपर होते. हौसेनं झाले नव्हते. आमचे बाबा एस.टी.त कंडक्टर आणि घरातही त्यांचा कारभार गाडीतल्यासारखाच चालायचा. मैदानावर जायचं तर दोघींनी, परत यायचं तर दोघींनी. एकटी पोरगी रस्त्यानं जाणार नाही, मग ती कितीही चांगली खेळो.

त्यामुळे ती सातवीत हॉकी शिकायला लागली तेव्हा मला सोबत धाडलं. मी पुस्तक घेऊन मैदानाच्या कडेला बसायची. आमच्या हॉकीच्या सरांना बसलेलं माणूस पाहवत नसे. दोन-चार दिवस त्यांनी सहन केलं आणि मग म्हणाले, "बसून काय करतं? जाळीत उभी राह्य." पॅड नव्हतेच. आईनं जुन्या गोधडीत कापूस दाबून छातीला बांधायची एक गादी शिवून दिली. ती घालून मी उभी राहिले की मुली खिदळायच्या. मी डोक्यात राख घालून त्यांचे चेंडू अडवायची. पुढे मात्र मला ते आवडायला लागलं. आपल्याकडे येणारी वस्तू आपण येऊ द्यायची नाही, एवढा सोपा धंदा दुसरा कुठला असतो?

धाकटीचं निराळं होतं. आमचं मैदान मुरमाचं, त्यावर कोळशाची काळी भुकटी, आणि चेंडू कुठे उडी मारेल याचा नेम नसायचा. बाकीच्या मुली चेंडूवर चिडायच्या. ही त्याची वाट पाहायची. तो उडून गुडघ्याशी आला की हिची स्टिक तिथे आधीच असायची. उलट्या स्टिकनं ती मला असं फसवायची की चेंडू जाळीत गेल्यावर मी मागे वळून पाहायची. मैदानावर मी तिला शिव्या घालायची आणि घरी येऊन आईला सांगायची की हिच्यासारखं कुणी नाही. दोन्ही खरं होतं.

शहाण्णव साल असेल. आम्ही गडचिरोलीला सामने खेळायला गेलो होतो. तिथे नागपूरचे एक कोच आले होते, एका सरकारी खात्याचा मुलींचा संघ ते बांधत होते. धाकटीनं त्या दिवशी मैदानावर काही करायचं शिल्लक ठेवलं नाही. सामना संपल्यावर कोच आमच्या सरांशी बराच वेळ बोलत बसले. बोलणं असं की मुलीला संघात घेतो. दोन वर्षं खेळायचं, दर महिन्याला मानधन मिळेल, खेळ टिकला तर खात्यात कायमची नोकरी. एकच अडचण, मुलींसाठी वसतिगृह नाही. राहण्याची सोय आपली आपण बघायची. मला त्यांनी काही विचारलं नाही. त्यांच्याकडे गोलकीपर होती.

बाबा तेव्हा मार्कंड्याच्या शिवरात्रीच्या यात्रेच्या जादा गाड्यांवर होते. ते येईपर्यंत घरात आणि गल्लीत एकच विषय झाला. पोरगी तयार आहे का? सर म्हणत, शंभर टक्के. आई म्हणे, जिला स्वतःची वेणी घालता येत नाही ती नोकरी काय करेल! शेजारच्या काकूंना हॉकी म्हणजे नक्की काय हेच ठाऊक नव्हतं, पण त्यांचंही मत होतं. आणि धाकटी? ती सतरा वर्षांची होती आणि आरशात बघून खात्याचा टी-शर्ट कसा दिसेल याचा विचार करत होती.

बाबा आले ते यात्रेच्या धुळीनं माखलेले. आंघोळ झाली, जेवण झालं. मग त्यांनी मला अंगणात बोलावलं.

"तू तिले रोज पाहून राह्यली. सर काय, ते त्यायची पोरगी पुढं जावं म्हनून बोलन. तू खरं सांग. तयार हाय का ते?"

मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत बाबांनी माझं मत पहिल्यांदाच विचारलं होतं, आणि मी ते नीट विचार करून दिलं.

"स्टिक तयार हाय बाबा. पोरगी नाई."

मी त्यांना समजावून सांगितलं. कुणी धक्का मारून चेंडू काढून घेतला की ती पुढची दहा मिनिटं रुसून खेळते. पास देत नाही. हरलं की जेवत नाही. इथे सर समजूत घालतात, मी रागावते, आई भरवते. तिथे कोण करणार? एक वर्ष थांबा, मग पाठवा.

"सालभर कोन थांबते?" बाबा म्हणाले. "जागा दुसऱ्या पोरीले जाईन."

माझं बोलणं त्यांना पटलं होतं, हे मला दिसत होतं. पण सरकारी नोकरी चालून येते आहे आणि मुलगी अजून रुसते म्हणून ती सोडायची, हे कुठल्या कंडक्टरला परवडेल? त्यांनी नागपुरातल्या नातेवाइकांकडे खेपा घातल्या. एका मामांकडे एकच खोली होती. एका आत्यांनी तरण्या पोरीची जबाबदारी नको म्हणून हात जोडले. सरांना नागपूरहून निरोप येत होते, लवकर कळवा. धाकटीचा चेहरा उतरत गेला आणि घरात सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी 'नाई' म्हटलं होतं ना!

एप्रिलमध्ये माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा नागपूरचा, छापखान्यात कामाला, आई आणि तो असे दोघंच. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. लग्नाचं वय झालंच होतं, त्यामुळे मी फार विचार केला नाही. स्थळ यायचं, पोहे व्हायचे, मुलाला मी उंच वाटायची आणि ते लोक परत जायचे, असं दोनदा झालेलं होतं.

या वेळी बैठकीत मी पोह्यांच्या बशा ठेवून बसले. मुलीचा बाप काय विचारतो ते सगळ्यांना माहीत आहे. पगार किती, घर स्वतःचं का, व्यसन आहे का. बाबांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या घराहून खात्याचं ते खेळाचं मैदान किती दूर हाय?"

मुलगा गोंधळला. म्हणाला, "चालत वीस मिनिटं."

"रस्ता वस्तीतून जाते का?"

"हो, सगळी वस्तीच आहे."

बाबांनी मान हलवली. मला हसू आलं, मी पदरात तोंड लपवलं. मुलाच्या आईला वाटलं मी लाजले. मग बाबा म्हणाले की धाकटीला तिकडे कॉलेजात घालायचा विचार आहे, बहिणीजवळ राहील, आणि मुलाची आई म्हणाली, राहू दे की, घरात लेकीची सोबत होईल. तेव्हा कुठे माझं हसू थांबलं. बशा गोळा करताना मला राग कुणाचा येतो आहे ते कळत नव्हतं.

नाही म्हणता आलं असतं का? मी पुष्कळदा त्याचा विचार केला आहे. बाबांनी जबरदस्ती केली नाही. उलट विचारलं, "तुले पसंत हाय ना?" पण मी पुरती कात्रीत सापडले होते. नाही म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, आधी पोरगी तयार नाही म्हणाली, आता तिच्या राहण्याची सोयही मोडली. बहिणीवर जळते. अंगणात विचारपूर्वक दिलेलं माझं उत्तर आता माझ्याच विरुद्ध साक्ष द्यायला उभं होतं. तेव्हा खोटं बोलले असते तर मोकळी राहिले असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मैदानावर निघालो. उन्हाळ्यात चंद्रपुरात सातनंतर खेळणं म्हणजे चुलीत खेळणं, म्हणून पहाटेच जायचो. वाटेत धाकटी म्हणाली, "बाई, तुले तो पोरगा खरंच आवडला का?" आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात.

तिच्या आवाजात जी आशा होती ती मला ऐकवेना. मी म्हणाले, "आवडला. काऊन नाई आवडणार?"

ती रस्त्यात थांबून मला बिलगली. "मंग बरं झालं. मले वाटलं, माह्यासाठी करून राह्यली."

मी तिला ढकलून दिलं आणि म्हणाले, तोंड बंद कर, उशीर होतो आहे. त्या दिवशी मी तिला एकही गोल करू दिला नाही.

मे महिन्यात लग्न झालं. नवरीसोबत सासरी पाठराखीण जाते तशी धाकटी माझ्यासोबत आली. पाठराखीण चार-आठ दिवसांनी परत जाते. ही गेली नाही. बाबांनी तसंच योजलं होतं, म्हणजे गल्लीत कुणाला बोलायला जागा राहिली नाही. तिच्या पिशवीत दोन साड्यांच्या खाली बूट होते आणि बाहेर निघालेली स्टिक आईनं चादरीत गुंडाळून दिली होती.

नवरा वाईट नव्हता. सासूही वाईट नव्हती. असते तर मला भांडता तरी आलं असतं, आणि भांडण मला चांगलं जमतं. पण दोन खोल्या, नळाची वेळ, छापखान्याचा डबा आणि मैदानाचा डबा यांत भांडायचं कुणाशी? पहिल्या सकाळी धाकटी निघाली तेव्हा मी सवयीनं चपला घातल्या. सासू म्हणाली, "तू कुठे?" धाकटी म्हणाली, "बाई, मी जाते नं. रस्ता सरळ हाय." आणि ती एकटी गेली. जन्मभर ज्या नियमासाठी मी जाळीत उभी राहिले तो नियम असा दारातच संपला आणि घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. मी चपला काढल्या आणि कणीक मळायला बसले. कणीक मळताना मी रडले, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

बी.ए.चं शेवटचं वर्ष बाहेरून द्यायचं ठरलं होतं. दिलं नाही.

धाकटीचं मी म्हटलं तेच झालं. तिथलं मैदान सपाट होतं, चेंडू सरळ यायचा. उडत्या चेंडूची जी विद्या तिनं मुरमावर कमावली होती तिचा तिथे फारसा उपयोग नव्हता. सोबतच्या मुली पंचविशीच्या, खांद्यानं ढकलून चेंडू नेणाऱ्या. ती रुसली तर त्यांना कळायचंही नाही. पावसाळाभर ती राखीव खेळाडूंत बसली. कोच रागावत नसत, हे तिला जास्त लागायचं. "माह्याकडं पाहतच नाई ते," असं म्हणायची आणि ताटावरून उठायची. मी भरवायला जायची, सासू बघायची, मग मी मागे यायची.

दिवाळीनंतरची गोष्ट. नवरा कामावर, सासू देवळात. धाकटी दुपारीच परत आली आणि स्टिक दाराआड ठेवून म्हणाली, "बाई, मी नाई जात आता. मले घरी जायचं हाय."

मी म्हणाले, सामने तोंडावर आहेत, थोडी कळ काढ. ती ऐकेना. मी समजावलं, मग रागावले, मग ओरडले. तेव्हा ती रडत म्हणाली, "तुह्यं बरं हाय. तू तुह्या मर्जीनं आली. मले काऊन कोंडून ठेवतं?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं. ते दिलं असतं तर ती थांबली असती. नुसती थांबली नसती, जीव तोडून खेळली असती, कदाचित नोकरीही लागली असती. आणि रोज संध्याकाळी या खोलीत माझ्यासमोर बसून जेवली असती, ज्या कारणासाठी मी इथे होते तेच कारण उरावर घेऊन. मला ते कसं वाटतं ते पक्कं माहीत होतं. मी तिच्याकडे पाहत राहिले. माझी धाकटी बहीण, गाल भरून रडणारी, नाक पुसायला रुमालही जवळ न ठेवणारी. मी उठून तिचे कपडे दोरीवरून काढले आणि घड्या घालायला लागले.

नवऱ्याला मी सांगितलं की तिला करमत नाही. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "मग आपलं लग्न..." त्याला बैठकीतला तो प्रश्न आठवला असणार. मी ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्टँडवर सोडायला गेले. चंद्रपूरची गाडी लागली होती. कंडक्टर बाबांच्याच डेपोतले, आम्हाला लहानपणापासून बघितलेले. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. धाकटीची पिशवी त्यांनी स्वतः उचलून आत ठेवली, पुढच्या सीटवरच्या माणसाला मागे पाठवलं आणि दोघींना पुरेल एवढी जागा हातानं झटकून साफ केली.

"या पोरीहो, बसा," ते म्हणाले. "माहेरी निघाल्या. दोघी ना?"

धाकटी चढून खिडकीशी बसली होती आणि शेजारच्या जागेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"नाई भाऊ," मी म्हणाले. "एकच."

गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत मी तिथे उभी होते. मग नळाची वेळ व्हायच्या आत पोचायचं म्हणून भराभर चालत घरी आले.