एकच प्लेट, दोन भिंगं

लढाईच्या दिवसांत नगरला माझा छोटासा फोटो स्टुडिओ होता. कॅमेऱ्याला दोन भिंगं होती. आखूड भिंगात घरातलं अख्खं खटलं मावायचं, पण तोंडं ज्वारीच्या दाण्याएवढी यायची आणि कडेला बसलेल्याचा गाल भाकरीसारखा पसरायचा. लांब भिंगात एखाद-दुसरं माणूसच बसे, पण त्याचं नाक नाकाच्या जागी आणि डोळे जिवंत. त्या भिंगावर माझा फार जीव. गिऱ्हाइकांना मात्र सगळा गोतावळा हवा असे, आणि माझं डोकं फिरे.

एकदा सोनईजवळच्या एका वस्तीवरून बोलावणं आलं. थोरला मुलगा फौजेत, परमुलखात होता. तो गेल्यावर त्याला मुलगी झाली, ती आता रांगत होती. फोटो त्याला पाठवायचा होता. लढाईपायी फोटोच्या काचेच्या प्लेटी मिळेनाशा झालेल्या. माझ्यापाशी एकच उरली होती, म्हणजे एकच फोटो. माझं वाटेतच ठरलं: लांब भिंग, मायलेकी, बस्स.

तिथं बघतो तर म्हातारा सासरा नवा फेटा बांधून अंगणात मधोमध बसलेला. भोवती दीर, जावा, पोरंटोरं. थोरली सून सगळ्यांच्या मागे, पदर नाकापर्यंत ओढून. सासऱ्यासमोर तोंड उघडं टाकायची रीत नव्हती.

मी भडकलोच. "बाबा, एवढ्या गर्दीत त्याला बायको-पोरगी दिसणार कशी? दोघींचाच काढतो."

"तुमाला कळतंय त्यातलं. काढा दोघींचाच," म्हणत बिचारा उठायला लागला. तेवढ्यात सून सासूच्या कानाशी लागली. सासूनं ते मोठ्यांदा सांगितलं.

"ती म्हनती, समद्यांचा काढा. आपन पत्रात खुशाली लिवतो, त्यावर त्याचा इस्वास न्हाई. घरात कुनी गेलं तरी आपन कळवनार न्हाई, असं वाटतंय त्याला. फोटोत येकयेक मानूस मोजून घेईल त्यो."

मी आखूड भिंग चढवलं. त्या फौजीच्या एका रोडक्या चुलत्याला कडेला बसवलं. तो थोडा पसरला तर त्याचं भलंच होणार होतं.

कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालणार, तोच सासू उठली. तिनं सुनेला हाताला धरून पुढं आणलं, म्हाताऱ्याच्या शेजारी बसवलं, पोरगी तिच्या मांडीवर दिली आणि स्वतःच्या हातानं तिचा पदर कपाळाच्या वर सारला.

"मोजताना तोंड दिसाया पायजे," ती म्हणाली.

सून कावरीबावरी झाली. तिची मान काही वर होईना. म्हाताऱ्यानं ते पाहिलं असावं. त्यानं मान फिरवली ती पार दुसऱ्या बाजूला, शेताकडं.

"बाबा, इकडं बघा!" मी ओरडलो. "एकच प्लेट आहे. तुमचं तोंड यायचं नाही!"

"न्हाई आलं तर न्हाई," तो तिकडंच बघत म्हणाला. "पोरीला म्हनावं, बस निवांत."

सुनेनं हळूहळू मान वर केली, सरळ माझ्याकडं पाहिलं, आणि मी भिंगावरचं टोपण काढलं.

फोटो गेला. त्यात बायकोचं तोंड बारीक पण उघडं होतं, आणि बापाचा नुसता फेटा आणि एक कान. बाप तोंड फिरवून का बसलाय, हे मुलाला कुणी लिहून कळवायची गरज नव्हती.