डॉक्टरच्या नावानं अर्धी भाकर

ज्ञानूआबा म्हणजे खाणारा माणूस. निम्मा जन्म मेंढरांमागं गेला, पुढं वरवंडला शेती धरून स्थिर झाले, पण भूक रानातलीच राहिली. तीन भाकरी, वर तांब्याभर दूध, आणि मग विचारायचे, जेवायला कवा बसायचं?

२००१ च्या उन्हाळ्यात त्यांना धाप लागली, पायांवर सूज चढली. दौंडच्या डॉक्टरांनी आठवडाभर ठेवून घेतलं. हृदय कमजोर झालंय, म्हणाले. घरी सोडताना पथ्य सांगितलं ते बाहेर व्हरांड्यात, त्यांच्या बायकोला, भामाबाईंना. आबा आत खाटेवर होते आणि मी शेजारधर्म म्हणून जीप बघायला गेलो होतो.

घरी आल्यावर भामाबाईंनी पथ्य सांगितलं. मीठ कमी, पाणी मोजून, आणि भाकर अर्धी. रात्री नुसती पेज. उभ्या जन्मात कुणाचं न ऐकलेल्या आबांनी हे मुकाट ऐकलं. भांडगावला पाव्हण्यांकडं बोकड पडला, तेव्हा त्यांच्यासाठी आळणी मटण वेगळं काढलं होतं. आबांनी वास घेतला आणि ताट सरकवलं. डॉक्टरनं अर्धी भाकरच सांगितलीय, म्हणाले. पाव्हणे हसले. मला मात्र त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला.

पावसाळा सरेपर्यंत आबांना अंगणातल्या लिंबापर्यंत जाववेना. दंड वाळले, गालफडं बसली, पायांची सूज तेवढी तशीच. धरून नेऊन शेजारच्या किराणा दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर उभं केलं, की वजन पहिल्याइतकंच भरायचं, म्हणून भामाबाई निर्धास्त होत्या. आबांनी यवतहून लेकीला, हर्षदाला, बोलावून घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझं आता काय खरं न्हाई, असं मला म्हणाले. माणूस भुकेला होता आणि त्याला वाटत होतं, मरण आलंय.

शेवटी मीच हट्टानं त्यांना दौंडला नेलं. भामाबाईही आल्या. डॉक्टरांनी आबांचा दंड चाचपला आणि काय जेवता ते विचारलं. आबांनी शाळेतल्या हुशार पोरासारखं सांगितलं, तुम्ही सांगितल्याप्रमाणं, अर्धी भाकर आन् पेज.

"मी? मी तर थोडं थोडं, पण दिवसातून पाच वेळा खाऊ घाला म्हणालो होतो."

मग त्यांनी नीट समजावलं. कमजोर हृदयाच्या माणसाला बसल्या जागी श्वास घ्यायलाच ताकद लागते, ती अन्नातूनच यायची. काटा हलत नव्हता, कारण अंगातलं मांस झडत होतं आणि त्या जागी पाणी साठत होतं. मीठ आवरायचं, दूध, डाळ, अंडं आवरायचं नाही.

आबा डॉक्टरांकडं बघतच नव्हते. ते भामाबाईंकडं बघत होते.

भामाबाईंनी पदराचा शेव मुठीत धरला. "फुगलेल्या मेंढराचा चारा तोडायचा, हे तुमीच शिकवलंसा. पाय फुगलेलं बघून माझा जीव उडाला. माझं तुमी ऐकलं नसतं, म्हून डाक्टरांचं नाव घेतलं."

त्या खोटं बोलत नव्हत्या. पोटफुगी झालेल्या मेंढराला वाड्यात बांधून उपाशी ठेवतात, आणि ते वाचतंही. मला आधी त्यांचा संताप आला, मग त्यांची कीव आली, आणि मग पुन्हा संताप आला.

आबा हळू आवाजात म्हणाले, "उपाशी ठेवलंस, त्याचं काय न्हाई. पर मी मराया लागलोय असं समजून लेकीला बोलावलं, तवा तरी सांगायचं व्हतं."



घरी आल्यावर त्या दिवसातून पाच वेळा वाढू लागल्या. दुधात भिजवलेली भाकर, वरण, उकडलेलं अंडं. आबा खायचे, ताट ठेवायचे, बोलायचे नाहीत. डॉक्टरांनी बदलून दिलेल्या गोळ्यांनी सूज उतरली, अंग धरलं, दिवाळीनंतर ते स्वतःच्या पायांनी हायवेपर्यंत येऊ लागले.

पुढच्या तपासणीला मी जीप थांबवली, तर भामाबाई नवं लुगडं नेसून, डबा बांधून दारात तयार होत्या. आबांनी त्यांच्या हातातून डबा घेतला.

"तू ऱ्हा घरी," ते म्हणाले. "डाक्टर काय म्हणत्यात, ते मी माझ्या कानानं ऐकतो."