दातांनी ऐकणारा मिस्त्री

साठ सालच्या आसपास मी यवतमाळला मास्तर होतो. शाळेच्या वाटेवर ट्रक दुरुस्तीचं एक गॅरेज होतं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही; जाता-येता रामराम व्हायचा, एवढंच.

एकदा तो चालू इंजिनाला लांब पान्याचं एक टोक टेकवून दुसरं दातांत धरून बसलेला दिसला. मी विचारलं, तेव्हा माझ्या ओठांकडे बघत हळूच म्हणाला, "कानानं आयकू येत नाही आता, मास्तर. इंजिनाची थरथर दातानं समजते. मालकाले सांगू नका."

मी कुणाला सांगितलं नाही. जोरात बोललो तर मालकाला संशय येईल, म्हणून त्यानंतर आम्ही आवाज न करता, नुसते ओठ हलवूनच बोलायचो.

पोळ्याच्या सुमारास गॅरेजात एक ट्रक मागे येत होता. मालक ओरडत राहिला, मिस्त्री पाठमोरा उभाच. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून वाचला. दुसऱ्या दिवसापासून मालकानं त्याला गाड्या धुवायला लावलं.

मी जवळ जाऊन सवयीनं नुसते ओठ हलवले, "कसं आहे?"

चाकावरचा चिखल खरवडता खरवडता त्यानं वर पाहिलं.

"आता जोरात बोला, मास्तर," तो म्हणाला. "लपवाचं काही राह्यलं नाही."