पोपटाचं भरलेलं पोट

मुलीची बदली झाली आणि तिचा पोपट आमच्या गळ्यात पडला. पक्ष्यांचे डॉक्टर म्हणाले, "नव्या घराला घाबरलाय. दुपारी भूक लागली की दोघांनीही आळीपाळीनं हातावर भरवा. घाई करू नका. हळूहळू दोघांनाही आपलं म्हणेल."

आमची ही निवृत्त नर्स. चौतीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढलेली. रडून घर डोक्यावर घेणारं पोर हिच्या हातात गेलं की गप्प. अजूनही चांगले दाढीमिशावाले बाप्ये रस्त्यात थांबवून म्हणतात, "सिस्टर, मी तुमच्या वॉर्डात होतो!" मी बाजूला पिशवी धरून उभा. माझं चष्म्यांचं दुकान आहे, पण अख्ख्या गल्लीत मी 'सिस्टरचे मिस्टर'. माझ्याकडून चष्मा लावून गेलेलं गिऱ्हाईकसुद्धा मला ओळखत नाही!

पोपट मात्र तिसऱ्याच दिवशी माझ्या बोटावर येऊन बसला. हिला त्यानं चोच मारली. मी तोंडानं "अरे अरे" केलं, पण मनात उकळ्या फुटत होत्या. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी हिला सोडून माझ्याकडे आलं होतं.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. दुपारी जेवायला घरी आलो की, ही स्वयंपाकघरात पानं घेत असताना मी त्याला मूठभर सूर्यफुलाच्या बिया चारायचो. जेवणं झाल्यावर ही दुखऱ्या गुडघ्यांनी पिंजऱ्याशी खाली बसायची आणि तळहातावर सफरचंदाची फोड धरायची. पोपट ढिम्म. अर्धा अर्धा तास. वर मीच शहाणपण शिकवायचो, "तुझा हात हलतो बघ." चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

परवा तिनं फोड ताटलीत ठेवली आणि तळहात उलटसुलट करून पाहिला.

"गेला वाटतं माझा हात आता," ती म्हणाली.

दुकानात परत गेलो, पण एक काच धड घासता येईना. तासाभरात शटर ओढून घरी आलो. ती पिंजऱ्याचा ट्रे धूत होती. मी दारातच, चप्पलही न काढता, सगळं ओकून टाकलं.

"माहीत आहे मला," ती ट्रे घासत म्हणाली. "पिंजरा रोज कोण धुतं? बियांची टरफलं काय आकाशातून पडतात?"

इतक्या दिवसांत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पिंजरा कोणीतरी धुतं, एवढाही विचार मी कधी केला नव्हता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग रोज हात पुढे करून का बसायचीस?"

"तुम्ही कधी थांबता ते बघत होते," ती म्हणाली. "तीन महिने झाले."