सासूबाईंची पांढरी गोळी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलींजवळ नाही. दरवर्षी दारफाळणीच्या सणाला, इथे सगळे त्याला किपूर म्हणतात, उपाशीपोटी उभं राहून छातीवर मूठ मारत देवाला सगळं सांगायचं असतं. मी तिथेही भलत्याच चुका सांगत आले. शेजारणीचा हेवा केला, मुलीला उगाच मारलं — असल्या. ही एक मागेच ठेवली. तू कोण, मला ठाऊक नाही. म्हणूनच तुला सांगणं जमेल असं वाटतं. मी मुळात बोलकी नाही. चौथी शिकलेली बाई. लिहायला बसले की हात अवघडतो. तरी बघते.

आम्ही पेणकडचे यहुदी. मग मुंबई, आणि तिथून आमच्या लोकांचा हा देश. वाळवंटातल्या डिमोना गावात घर मिळालं, नवऱ्याला कारखान्यात काम मिळालं. सासूबाई आमच्याबरोबरच होत्या. शेगुलाबाई त्यांचं नाव. त्यांना मधुमेह होता आणि गोडाचा भारी सोस. मुंबईत असताना साखरेचा डबा कुठे लपवला तरी त्यांना बरोबर सापडायचा. चाळीतल्या बायका थट्टा करायच्या, "शेगुलाबाई, मुंग्या तुम्हाला विचारून निघतात म्हणे." त्या हसायच्या. "विचारतात तर. तुमच्या घरी काही नाही, जाऊ नका, असं सांगते." अशी बाई. गोड चोरून खाणारी म्हणून त्या सगळ्यांना ठाऊक होत्या. हे लक्षात ठेव, कारण पुढे मी ह्याच्याच आड लपले.

बासष्ट साली मला जवळच्या बीरशेबा शहरात एका प्रयोगशाळेत काम लागलं. बसने जायचं, उंदरांचे पिंजरे धुवायचे, त्यांना दाणा-पाणी द्यायचं, काचेच्या नळ्या घासायच्या. पांढरे उंदीर, लाल डोळ्यांचे. आधी किळस आली. मग — कसं सांगू? — मी सुट्टीच्या दिवशीही त्यांचा विचार करू लागले.

तिथे एक डॉक्टरबाई होती, रुमानियाहून आलेली. तिचं हिब्रू मोडकं, माझं त्याहून मोडकं, म्हणून आमचं चांगलं जमायचं. ती उंदरांना सुई टोचून आधी मधुमेह आणायची. मग निम्म्या उंदरांना घशात नळी घालून एका झाडाचा काढा द्यायची आणि निम्म्यांना नुसतं पाणी. ते झाड म्हणजे माळावरचं काटेरी झुडूप. वाळवंटात तंबू ठोकून राहणारा एक बेदुईन म्हातारा त्याची मुळं पोत्यात भरून आणायचा. त्याच्या लोकांत मधुमेहावर हाच काढा पितात म्हणे. डॉक्टरबाईला ते खरं का खोटं ते बघायचं होतं. मुळांची साल सोलून उकळायचं काम माझ्याकडे आलं. वास ओल्या लाकडासारखा, चव कडू आणि तुरट. चव मला कशी ठाऊक? मी चाखली होती. कुणी चाख म्हटलं नव्हतं.

पण खरी ओढ लावली ती निळ्या पाण्याने. उंदराची लघवी त्या निळ्या औषधात घालून नळी तापवायची. साखर नसेल तर निळं ते निळंच राहतं. थोडी असेल तर हिरवं. मग पिवळं. आणि खूप असेल तर विटेसारखं लाल. माझ्या डोळ्यांसमोर रंग फिरायचा आणि उंदराच्या पोटात काय चाललंय ते मला, पिंजरे धुणाऱ्या बाईला, कळायचं! शाळेत मी जे केलं ते पाठ केलं. 'बघू या काय होतं' असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. तुला कधी असं झालंय का, की एखादी गोष्ट कळल्याशिवाय चैन पडत नाही, आणि ती कळून आपल्याला काही मिळायचंही नसतं?

एकदा मी डॉक्टरबाईला विचारलं, "काढा आणि दवाखान्यातलं औषध दोन्ही एकदम दिलं, तर लवकर बरे होतील ना?"

ती हसली. "मग बरं कशाने झालं, ते तुला कोण सांगणार? उंदीर?"

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

पुढच्या वर्षी उन्हाळा संपता संपता मी बाटलीभर काढा घरी आणला, आणि छोट्या शिशीत निळं औषध. सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून त्यांच्या खाटेखाली भांडं असायचं आणि सकाळी ते मी ओतायचे. त्यातलं थोडं काढून घ्यायला कितीसा वेळ? शेगडीवर नळी धरली. हिरवा रंग आला. सासूबाई दवाखान्यातल्या गोळ्या घेत होत्या, म्हणजे गोळीने साखर बरीच खाली धरली होती. मग मी काढा सुरू केला. गवती चहा म्हणून दिला.

"अगो, केवढा कडू! हा कसला गवती चहा?"

"इथलं गवतच तसलं, आई."

"ह्या देशात गवताचंसुद्धा तोंड वाकडं," म्हणाल्या आणि प्यायल्या.

रंग हिरवाच राहिला. आता हा हिरवा गोळीचा की काढ्याचा?

इथे माझा हात थांबतो. पुढचं लिहिते.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. गोळी माझ्या हातून घ्यायच्या. मला बाळंतपणानंतर कॅल्शियमच्या गोळ्या दिलेल्या होत्या, त्याही पांढऱ्या आणि साधारण तेवढ्याच. मी त्यांची गोळी बंद केली आणि माझी देऊ लागले. काढा आणि कॅल्शियम. आता जे काही होईल ते काढ्यानेच, हे मला नक्की कळणार होतं.

त्यांना बरं करायला हे केलं असं लिहिलं, तर वाचायला बरं वाटेल. पण तसं नव्हतं. त्यांचं माझं वाकडंही नव्हतं. मला फक्त बघायचं होतं. रोज सकाळी मी आवडीने उठायचे. नवरा म्हणाला, आईची सेवा करतेस हल्ली. सासूबाई तर शेजारणींना सांगायच्या, "मुंबईत हिच्या तोंडातून शब्द पडत नव्हता, आता उठल्या उठल्या माझ्याजवळ कप घेऊन उभी असते." मी ऐकायचे आणि नळी धुवायचे.

हिरवा पिवळा झाला. त्यांना तहान लागू लागली. मी मनात म्हटलं, उंदरांतही पहिल्यांदा असंच होतं, थांबायला हवं. पिवळा लाल झाला. त्या सारखं पाणी मागायच्या, दुपारभर झोपायच्या. तेव्हा तरी थांबायचं नाही का? मी उद्याचा रंग बघायला थांबले होते.

त्यातच नव्याचा सण, आमचं नवं वर्ष, आला. नवीन चपलेने त्यांच्या अंगठ्याला फोड आला. मी गव्हाचा चीक काढून हलवा केला. नारळ कुठला मिळायला, सुकं खोबरं भिजवून दूध काढलं. वड्या पाडून ताट कपाटात ठेवलं. धाकट्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी कपाट उघडून त्या खाल्ल्या. मी बघितलं आणि सणाचे दिवस म्हणून काही बोलले नाही.

सण सरला आणि अंगठा काळा पडला. बीरशेबाच्या इस्पितळात नेलं. रक्तात साखर किती तरी वाढलेली. नर्सने विचारलं, "गोड खाल्लं का सणात?" झालं. नवऱ्याने कपाळाला हात लावला.

"आई, हलवा खाल्लास ना?"

"नाही रे."

"गोळ्या वेळच्या वेळी चालू आहेत. मग साखर आली कुठून?"

"एलियाहू हन्नाबीची शपथ, बोट लावलं नाही मी."

तुला ठाऊक नसेल, तर सांगते. आमच्यात ही शपथ कुणी उगाच घेत नाही. नबीचं नाव आम्ही नवसाला घेतो, बाळाच्या आजारपणात घेतो. सासूबाईंनी साखर चोरली असेल, पण ही शपथ त्यांच्या तोंडी मी कधी ऐकली नव्हती. नवरा भडकला. "नबीला कशाला मधे घालतेस? वाटेल ते खा, पण खोटी शपथ घेऊ नको!" मग माझ्याकडे वळला. "तू सांग. हलवा कमी झालाय का?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. भरवशाने बघत होत्या.

मी म्हटलं, "वड्या कमी झाल्यात खऱ्या."

एवढंच बोलले. शब्द खरा होता. त्याहून मोठं खोटं मी जन्मात बोलले नाही.

अंगठा कापला. मग टाच चिघळली आणि पाय घोट्याच्या वरून गेला. त्या घरी आल्या तेव्हा मी त्यांची गोळी मुकाट्याने परत सुरू केली, काढा ओतून दिला. काही दिवसांनी पुन्हा नळी तापवली. हिरवा! आणि त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं ठाऊक आहे? पाय नाही. सासूबाई नाहीत. मनात आलं, म्हणजे तो हिरवा गोळीचाच होता. उत्तर मिळालं म्हणून मला बरं वाटलं. मग मात्र मी शिशी फोडून टाकली. चौसष्ट साली डॉक्टरबाई दुसऱ्या गावी गेली, उंदीर गेले. त्या काढ्याचं शेवटी काय ठरलं ते मला कुणी सांगितलं नाही. अजूनही वाटतं, कळायला हवं होतं. हेही लपवत नाही.

नवऱ्याने नवस बोलला होता, आई जगली तर नबीच्या नावाने मलिदा करीन. तो दिवस ठरला. त्या सकाळी मी पोहे भिजवत होते. सासूबाई खुर्चीत बसून खजुराच्या बिया काढत होत्या. म्हणाल्या, "अगो, मला हल्ली काही आठवत नाही. सगळे म्हणतात, तर झोपेच्या गुंगीत मी खाल्लाही असेन. तू घरात होतीस. मी खाल्ला का गो हलवा? खरं सांग. मी नबीची खोटी शपथ घेतली का?"

घरात कुणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. त्यांच्या हातात खजूर होता.

मी म्हटलं, "एवढासाच, आई."

त्यांनी मान हलवली. हातातल्या खजुराची बी काढली आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मला वाटत होतं, देव उगाचच मारतोय."

संध्याकाळी माणसं जमली. दिवा लावला, मलिद्याचं तबक मधे आलं. प्रार्थना म्हणून झाली, आणि सासूबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. एका पायावर उभं राहता येत नव्हतं, म्हणून खुर्चीतूनच बोलल्या. म्हणाल्या, "मी तुझी खोटी शपथ घेतली, एलियाहू हन्नाबी. पाय गेला तो बरोबर गेला. मला माफ कर."

बायका डोळे पुसू लागल्या. नवऱ्याने आईच्या खांद्यावर हात ठेवला. सगळे आमेन म्हणाले.

तबक माझ्या हातात होतं. मीही आमेन म्हटलं.